काका, जरा खिडकी उघडता का?

आमच्या नात्यागोत्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचे स्वित्झर्लंड पाहून झालेले असल्यामुळे, आणि सौभाग्यवतींच्या भिशीतल्या तिघी जणी तर तिथल्या बर्फात नऊवारी नेसून छायाचित्रेही काढून आलेल्या असल्यामुळे, आपण जायचे तर भिशीतले कोणीही गेलेले नसेल अशाच देशात जायचे, असे आमच्या घरात एकमताने, म्हणजे तिच्या मताने, ठरले आणि गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे रुमानियाला गेलो. निघण्यापूर्वी ज्याला ज्याला सांगितले त्याने ड्रॅक्युलाची चौकशी केली. तिथल्या माणसांशी बोलणार कोणत्या भाषेत, ही चौकशी एकट्या आमच्या लेकीने केली आणि मी उत्तर देण्याच्या आत माझा फोन काढून घेऊन त्यात बोलक्या भाषांतराची सोय चालू करून दिली. "बाबा, तुम्ही फक्त मराठीत बोलायचं," ती म्हणाली, "बाकी फोन बघेल."

मोडके का होईना, इंग्रजी येते की तुम्हाला, असे शेजाऱ्यांनी सुचवून पाहिले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून मी या बाबतीत जरा ताठ झालो आहे. शिवाय या सोयीची कार्यपद्धती मला ओळखीची वाटली. आत जणू तीन कारकून ओळीने बसलेले असतात. पहिला आपले बोलणे ऐकून लिहून घेतो, दुसरा ते परक्या भाषेत उतरवतो आणि तिसरा ते मोठ्याने वाचून दाखवतो. पहिल्याने चुकीचे ऐकले तर उरलेले दोघे ती चूक कमालीच्या निष्ठेने पुढे पोहोचवतात. मी एका सहकारी बँकेत तीस वर्षे काढली असल्यामुळे यात मला नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. फक्त पहिल्या कारकुनाला घरगुती मराठी कळत नाही, हे लवकरच ध्यानात आले. "काय गं, कुठंय ते" असे म्हटले की तो गप्प बसे, आणि "ती वस्तू कोठे आहे?" असे आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या चालीत म्हटले की खूश होई. निघण्याआधीचे पंधरा दिवस मी दिवाणखान्यात एकटाच उभा राहून "प्रसाधनगृह कोणत्या दिशेस आहे?" असे फोनला विचारत होतो. सौभाग्यवतींनी दोनदा बोट दाखवून दिशा सांगितली.

बुखारेस्टच्या विमानतळावर भेटलेला टॅक्सीवाला साठीचा होता. तिथली तरुण मंडळी सर्रास चांगले इंग्रजी बोलतात, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. आमच्या वाट्याला मात्र सगळे आमच्याच वयाचे आले. आमचे हॉटेल ज्या गल्लीत होते तिथे पोहोचल्यावर तो प्रत्येक दारासमोर गाडी हळू करी, त्या दाराकडे बोट दाखवी आणि मागे वळून विचारी, "आईच्? आईच्?" आपल्याकडे या शब्दाच्या पुढे काय येणार हे सर्वांना ठाऊक असते आणि सभ्य माणसे ते ऐकायला थांबत नाहीत. "चांगला शांत माणूस वाटत होता हो," सौभाग्यवती माझ्या कानाशी पुटपुटल्या, "एवढा कशावरून चिडला?" मी फोन पुढे केला. फोन म्हणाला, "येथे? येथे?" त्या भाषेत 'इथे' या अर्थाचा शब्दच तो आहे. पुढच्या दहा दिवसांत बसवाहक, भाजीवाल्या आणि एक पाद्री अशा अनेकांनी तो आम्हाला इतक्या प्रेमाने ऐकवला की शेवटी शेवटी तिच्याही तोंडी बसला. तो भिशीत वापरू नये, एवढे मी तिला बजावून ठेवले आहे.

उतरताना भाड्याचा आकडा फोनने भारदस्त आवाजात जाहीर केला: "ऐंशी सिंह." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. रुमानियाच्या चलनाला 'लेऊ' म्हणतात, त्याचे अनेकवचन 'लेइ', आणि लेऊ म्हणजेच सिंह. तेव्हा फोन शब्दाला धरूनच बोलत होता आणि त्याला खोटे म्हणता येणार नव्हते. एका सिंहाचे आपले साधारण अठरा-वीस रुपये होतात, हे हिशेबाने काढल्यावर सौभाग्यवतींनी "सिंह महाग आहेत" एवढेच मत नोंदवले आणि त्या दिवसापासून आमचा सगळा जमाखर्च सिंहांत होऊ लागला.

त्या रात्री लिप्स्कानी भागातल्या एका खाणावळीत आम्ही जेवायला गेलो. आम्ही दोघेही शाकाहारी असल्यामुळे लागणारे वाक्य मी घरून घोटून आणले होते; पण ऐन वेळी फोन सौभाग्यवतींनी हातात घेतला. "आम्हाला मांस, मासे आणि अंडी," एवढे बोलून त्यांनी श्वास घेतला. पुढे "चालत नाहीत" असे येणार होते. परंतु जरा थांबले की बोलणे संपले, अशी फोनची समजूत असते, आणि मराठी वाक्याचा सगळा जीव तर शेवटच्या क्रियापदात असतो. नकार त्याच्याही शेपटीला. रुमानियन माणूस 'नु' हा नकार क्रियापदाच्या आधीच उच्चारून मोकळा होतो, म्हणून त्याला मध्येच कोठेही तोडला तरी फार बिघडत नाही. आमच्या वाक्याचे मात्र शेपूट कापले गेले आणि फोनने आम्हाला मांस, मासे आणि अंडी हवी असल्याचे ठणकावून सांगितले. समोरचा प्रौढ वाढपी प्रसन्न झाला. एवढी स्पष्ट भूक घेऊन येणारी गिऱ्हाइके त्याला रोज मिळत नसावीत. त्याने आनंदाने काही शिफारस केली आणि फोनने तिचे मराठी केले: "प्रथम पोटाचे सूप घ्या."

विमानातल्या जेवणापासून सौभाग्यवतींचे पोट नाजूक होते. "बघा," त्या म्हणाल्या, "पोटासाठी वेगळं सूप असतं यांच्याकडे. आपल्याकडे आहे का असा कोणाला विचार?"

सूप आले. पांढुरके, वर सायीचा गोळा विरघळत असलेले, शेजारी लसणाची वाटी आणि एक लांबलचक हिरवी मिरची, असे त्याचे रूप कोणालाही मोह पडावा असेच होते. तिने चमचा बुडवला, वर काढला आणि त्यावर लोंबणाऱ्या पांढऱ्या पट्टीकडे बराच वेळ पाहिले. पट्टीच्या एका अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी होती. "ही शेवई आहे की पनीर?" असे तिने फोनमार्फत विचारले. वाढप्याने फोनचे म्हणणे ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि फोन हळूच बाजूला सारला. मग त्याने आपल्या पोटावर दोनदा थापटले, दोन्ही हातांची एकेक तर्जनी कानशिलांवर शिंगांसारखी धरली आणि "मू" असा आवाज काढला. इतका स्वच्छ आणि अर्थवाही उच्चार आमच्या फोनला दहा दिवसांत एकदाही साधला नाही.

या गोंधळात गल्ल्यावरची तरुणी उठून आली आणि तिने अस्खलित इंग्रजीत विचारले की तुम्हाला 'दे पोस्त' जेवण हवे आहे का. अभिजात भाषेचा अभिमान तात्पुरता खिशात ठेवून मी तिला सविस्तर विचारले. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टर आणि नाताळच्या आधी कित्येक आठवडे उपवास धरतात, त्याला 'पोस्त' म्हणतात, आणि त्यात मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही चालत नाही; तेव्हा 'दे पोस्त' म्हटले की तुमचे काम होईल, असे तिने सांगितले. थोड्याच वेळात समोर घोटलेला पांढरा घेवडा आला, त्यावर लालसर परतलेला कांदा, सोबत पाव आणि वांग्या-मिरच्यांची 'झाकुस्का' नावाची चटणी. "उपवासाला कांदा? आणि कडधान्य?" सौभाग्यवती हबकल्या. त्या तरुणीला आमच्या उपवासाच्या थाळीतले साजूक तूप, दही आणि बासुंदी सांगितल्यावर तीही तेवढीच हबकली. एकमेकांचे उपवास मोडीत काढून आम्ही पोटभर जेवलो. पुढचे सगळे दिवस आमचा फोन मात्र या पदार्थांना 'पोस्टाचे जेवण' असे म्हणत राहिला आणि आम्ही त्याला दुरुस्त करण्याच्या फंदात पडलो नाही.

खरी कसोटी लागली ती ब्राशोव्हच्या आगगाडीत. बुखारेस्टहून उत्तरेला अडीच-तीन तासांचा हा प्रवास आहे आणि सिनाया आले की खिडकीतून बुचेज डोंगरांचे सुळके दिसू लागतात. पण आमच्या डब्यातली खिडकी बंद होती, बाहेर रणरणते ऊन होते आणि आतली हवा मुंबईतल्या मे महिन्यातल्या दुपारी दोनसारखी झाली होती. खिडकीपाशी पांढऱ्या मिशांचे एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. समोर एक आजीबाई, त्यांचा पाचेक वर्षांचा नातू आणि मुलाचे वडील होते. परक्या देशात आदर दाखवण्यात आपण कमी पडू नये म्हणून मी आधी स्वतःच्याच तोंडाने, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या गृहस्थांना हाक मारली, "काका!" आणि मग फोनला सांगितले, "काका, जरा खिडकी उघडता का?" काका हे कोणाचे तरी विशेषनाम असावे असे समजून फोनने ते जसेच्या तसे ठेवले आणि पुढचे वाक्य रुमानियनमध्ये नम्रपणे वाचून दाखवले.

डब्यात शांतता पसरली. आजीबाईंनी छातीवर क्रॉस केला. मुलाच्या वडिलांनी प्रथम आपल्या एका बुटाचा तळवा पाहिला, मग दुसऱ्या. तो मुलगा मात्र अक्षरशः उजळून निघाला. कोणा मोठ्या माणसाने हा शब्द चारचौघांत इतक्या मोठ्याने उच्चारलेला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. तो "काका! काका!" असे किंचाळत बाकावर उड्या मारू लागला आणि परदेशी मुलांना मराठी नाती किती पटकन आपलीशी वाटतात, या विचाराने माझा ऊर भरून आला. पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी काहीही न बोलता, माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी तत्परतेने, सबंध खिडकी खाली ओढली.

वारा आत येतो न येतो तोच आजीबाई आपली ओढणी मानेभोवती गुंडाळून कळवळून काही बोलल्या. फोनने त्यांचे म्हणणे आमच्यापुढे ठेवले: "विद्युतप्रवाह आपल्याला ओढून नेईल!" ही गाडी विजेवर चालते आणि वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, हे मला वाचून माहीत होते, मी झटकन हात आत घेतला आणि सौभाग्यवतींनाही मधल्या बाकावर सरकवले. खिडकी पुन्हा बंद झाली. एवढ्यात मला शिंक आली. डब्यातले सर्व जण एकसुराने "नोरोक" म्हणाले आणि फोनने सांगितले, "नशीब." विजेच्या तोंडातून वाचलेल्या माणसाला दुसरे काय म्हणणार? मी हात जोडले.

ब्राशोव्हला उतरताना मी त्या गोड मुलाला हात हलवून "टाटा, टाटा" केले. तो गोंधळून एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या वडिलांकडे पाहू लागला. वडिलांचा चेहरा मला आवडला नाही.

आमचा मुक्काम ब्रानजवळच्या एका खेड्यात होता. ज्या किल्ल्याला जग ड्रॅक्युलाचा म्हणून ओळखते तो तिथून जवळच, आणि पर्यटकांच्या बसगाड्या खेड्यावरूनच जातात. घरापाठीमागे मात्र गवताच्या उंच गंजी, सफरचंदांची झाडे आणि डोंगर एवढेच होते. घरमालकीण पंचाहत्तरीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, कोपरापर्यंत बाह्या वर सारलेली. मी प्रसंगाला शोभेल असे वाक्य योजले, "आपण आपले घर अत्यंत नीटनेटके ठेवले आहे," आणि फोन पुढे धरला. फोनच्या रुमानियन वाक्यातला पहिलाच शब्द माझ्या कानावर आदळला, तो होता 'तू'. आईशप्पथ, मी 'आपण' म्हटले होते! बाईंची एक भुवई वर गेली. मी घाईघाईने "माफ करा, आपण" असे म्हणालो, फोन पुन्हा म्हणाला, "तू." अशी चार वेळा मी त्या माउलीला एकेरीत माफी मागितल्यावर तिने विषय बदलून आम्हाला माडीवरची खोली दाखवली. खोली लहान होती, जिना उभा होता, पण खिडकीत डोंगर होता. पसंत आहे का, असे तिने खुणेने विचारले. मी इतका खचलो होतो की आकाशवाणी वगैरे विसरून नुसते "चालेल" म्हणालो. फोन म्हणाला, "वा मेर्जे." आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, बाईंनी "मेर्जे!" अशी आरोळी देऊन माझ्या पाठीत एक दणका घातला, खाली जाऊन घरच्या आलुबुखारांची 'त्सुइका' आणली आणि एवढ्याशा पेल्यात ओतून समोर ठेवली. पहिल्या घोटाबरोबर माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ते भावनेचे नव्हते.

या सगळ्याचा उलगडा गुरुवारी झाला. ब्राशोव्हला शिकणारी बाईंची नात संध्याकाळी घरी आली आणि तिच्या इंग्रजीच्या आधाराने आमच्या प्रवासाचा रीतसर पंचनामा करण्यात आला. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच आदराची उतरंड आहे: 'तू', त्याच्यावर 'दुम्न्याता' आणि सर्वांत वर 'दुम्न्यावोआस्त्रा'. आमच्या तू-तुम्ही-आपणमधला आणि त्यांच्या या तिघांमधला फोन बहुधा इंग्रजीच्या वाटेने ये-जा करत असावा, आणि तिथल्या एकुलत्या एका 'यू'च्या फटीतून सगळा आदर गळून पडत असावा, असा तिने अंदाज केला. गाडीतल्या आजीबाईंचा 'कुरेंत' म्हणजे वीज नव्हे, वाऱ्याचा झोत. उघड्या खिडकीतून झोत लागला की मान धरते, दात दुखतो, कानात सणक जाते, यावर तिथल्या आज्यांची अढळ श्रद्धा आहे. हे ऐकून सौभाग्यवतींनी मला केवळ एक कटाक्ष टाकला, कारण त्या स्वतः रातराणीने साताऱ्याला जाताना भर उन्हाळ्यात कानाला स्कार्फ बांधतात आणि मी त्यांना हसतो. 'ताता' म्हणजे बाबा. म्हणजे फलाटावर हात हलवून मी त्या मुलाला काय सुचवत होतो, हे समजल्यावर त्याच्या वडिलांच्या चेहऱ्याचाही खुलासा झाला.

'काका'चा खुलासा करताना ती मुलगी लाजून लाल झाली आणि आपल्या आजीच्या कानात बोलली. आजी हसता हसता खुर्चीतून घसरली. लहान मुलांना घाईने कोपऱ्यात जायचे असते तेव्हा ती जो शब्द वापरतात, तो हा शब्द. पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी खिडकी इतक्या तातडीने का उघडली, हे आता मला समजले. "तुमच्याकडे प्रत्येक वाक्यात दोनदा येणाऱ्या 'शी' या शब्दाचा अर्थ काय?" मी बचावाच्या पवित्र्यात विचारले. 'आणि', असे उत्तर मिळाले. मराठीत लहान मुले 'शी' केव्हा म्हणतात ते मी तिला सांगितले आणि हिशेब फिटला. वडीलधाऱ्या माणसाला सलगीने काय म्हणायचे, असे विचारता ती म्हणाली, "नेने." म्हणजे ज्या नेन्यांना मी आयुष्यभर नुसते आडनावाने हाक मारली ते सगळे माझे काका निघाले, आणि ज्यांना काका म्हटले त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

मग 'मेर्जे'. फोनला 'चालेल' कळले नव्हते. त्याने आपले पायाने चालणे धरले आणि 'ती चालेल' असे खोलीविषयी सांगितले. परंतु रुमानियन माणूसही 'ठीक आहे, हरकत नाही' अशा अर्थाने नेमके 'मेर्जे' म्हणतो, म्हणजे 'चालते'. दहा दिवसांत फोनने केलेले सर्वांत ढोबळ भाषांतर तेवढे अचूक ठरले. तिने आणखी एक वाक्प्रयोग नाक मुरडून सांगितला, 'मेर्जे शी अशा': असेही चालते. अर्धवट डांबरलेला रस्ता, वाकडे बसवलेले दार, सुतळीने बांधलेला नळ, यांच्याविषयी तिथली माणसे आपल्याच लोकांना वैतागून हे ऐकवतात. 'चालतंय की' या दोन शब्दांवर आमच्याकडचे निम्मे बांधकाम उभे आहे, असे मी सांगितल्यावर आजीने माझा पेला पुन्हा भरला.

शुक्रवारी सकाळच्या बसने नात परत गेली आणि घरात आम्ही तिघे आणि फोन उरलो. उपवासाचा दिवस असल्यामुळे बाईंनी बिनमांसाच्या 'सार्माले' करायला घेतल्या. पिंपातून खारवलेल्या कोबीची पिवळट, लुसलुशीत पाने निघाली. बाईंनी एक पान हातावर पसरले, त्याची मधली जाड शीर पातळ सुरीने तासून सपाट केली आणि हे पाहताच सौभाग्यवती पदर खोचून उठल्या. "अहो, अळूच्या पानासारखी शीर काढतायत!" तिने न विचारताच पाट ओढावा तसे स्टूल ओढले. तांदूळ, चिरलेली अळिंबी, कांदा आणि शेपू यांचे सारण पानावर पडले. तिने सवयीने पानावर पान रचून मनगटाएवढी लांब वळकटी केली. बाईंनी ती निर्विकारपणे सोडवली, अंगठ्याएवढेच सारण घेतले, एकच पान गुंडाळले आणि दोन्ही टोके तर्जनीने आत खुपसत म्हणाल्या, "अशा."

"अशी?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"अशा, अशा."

"असं होय! अशी, आणि मग असं."

"अशा!"

'अशा' म्हणजे असेच, हे मला आदल्या रात्रीपासून ठाऊक होते. त्या दोघींना ते कोणी सांगावे लागले नाही. वीस मिनिटे हाच संवाद चालला, पातेले भरत गेले आणि दहा दिवस दुभाषाचे काम केलेला मी एकाएकी बेकार झालो. काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी फोन चालू करून सारणाच्या परातीशेजारी ठेवला. त्याने दोघींचे बोलणे मन लावून ऐकले, पडद्यावर ठळक अक्षरांत 'आशा, आशा' असे लिहून घेतले आणि खणखणीत आवाजात त्याचे रुमानियन करून सांगितले, "स्पेरान्त्सा! स्पेरान्त्सा!"

आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही हे बाईचे नाव असते. घरमालकिणीचे हात थांबले. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि फोनकडे वाकून अगदी सावकाश एक प्रश्न विचारला. फोनने तो तितक्याच सावकाश मराठीत आणला: "आशा कोण आहे?"

सौभाग्यवतींनी हातातल्या पानाचे टोक आत खुपसले आणि मान वर न करता म्हटले, "हं, सांगा ना. त्यांनी विचारलंय."